नऊ नंबरवर दाढी : यात मजा नेमकी कुठे येते?

खुंटवाला

सरळच विचारतो. ब्रश, साबण आणि सेफ्टी रेझरच्या दाढीत लोकांना जो आनंद मिळतो म्हणतात, तो मला दीड महिना झाला तरी सापडलेला नाही. सापडलंय ते फक्त रक्त.

थोरले काका गेले तेव्हा त्यांच्या कपाटात पुठ्ठ्याच्या डबीत एक रेझर निघाला. हातात घेतला की वजन जाणवतं. मुठीचं खालचं टोक फिरवलं की डोक्यावरची दोन झाकणं पंखांसारखी उघडतात, त्यात पातं बसतं. मानेपाशी एक कडी आहे आणि तिच्यावर १ ते ९ आकडे. काकू म्हणाल्या, "तूच ने रे, बाकी कुणाला त्यातलं काय कळतंय." कळत तर मलाही नव्हतं, पण तेव्हा गप्प बसलो.

माझी पद्धत अशी. उठल्यावर तोंडावर पाण्याचा एक हबका. ब्रश नळाखाली धरायचा, साबणावर आठ-दहा वेळा फिरवायचा, गालावर चोळायचा. फेस दिसायला भरपूर येतो, पण एक गाल होईपर्यंत दुसऱ्या कानापाशी त्याचा पापुद्रा झालेला असतो. आकडा ९ वर ठेवलाय, कारण नऊ म्हणजे सगळ्यात चांगली दाढी असा माझा समज. पातं सुरुवातीपासून तेच आहे, अठरा-वीस दाढ्या झाल्या असतील. नवीन पातं जास्त कापेल अशी भीती वाटते.

आता निकाल ऐका. गाल ठीक. गळ्याच्या घाटीच्या दोन्ही बाजूंना लाल पुरळ. हनुवटीखाली एक चीर आता कायमची मुक्कामाला आलीय. कॉलर घासली की आग होते. परवा ऑफिसात एकाने विचारलं, मांजर पाळलंस का.

आधी पाच पात्यांचं कार्ट्रिज वापरायचो. कंटाळवाणं होतं, पण कधी कापलं नाही. परत तिकडेच जाऊ का? रेझर विकायचा नाहीये, एवढं मात्र ठरलंय.

सकाळची_घाई

नऊ?? अहो, नऊ???

आधी तो आकडा तीनवर आणा, ते पातं डब्यात टाका, आणि मग पुढचं वाचा. बाकीचे लिहितीलच सविस्तर, मला निघायचंय.

पंखउघडा

वर्णनावरून तुमचा रेझर जिलेटचा 'स्लिम ॲडजस्टेबल' वाटतोय. खात्री करायची असेल तर डोक्याच्या खालच्या बाजूला भिंगातून बघा, एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा कोरलेला असेल. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. 'ए' म्हणजे १९५५, तिथून पुढे मोजत जायचं. 'एच' आणि '२' निघालं तर रेझर १९६२ च्या दुसऱ्या तिमाहीतला. बघून इथे सांगाच, मला चैन पडणार नाही.

कडीवरच्या आकड्यांचा गुणवत्तेशी काही संबंध नाही. कडी फिरवली की पात्याची धार आणि तिच्याखालची दांडी यांतली फट कमीजास्त होते, इतकंच. १ वर धार जवळजवळ झाकलेली, ९ वर सताड उघडी. नऊ नंबर आठवडाभराच्या रानासाठी आहे. रोजच्या दाढीला बहुतेकांना ३ ते ५ मध्ये कुठेतरी आपलं घर सापडतं. आणि एक, कडी फिरवण्याआधी खालचं टोक अर्धा वळसा सैल करत जा. पातं करकचून आवळलेलं असताना कडी ओढली तर आतली यंत्रणा झिजते. साठ वर्षं टिकलेली वस्तू आहे, तुमच्या हातात मोडू नये.

पात्याबद्दल आता थोडं पाल्हाळ. डबल एज, म्हणजे दोन्ही कडांना धार असलेलं पातं फक्त ०.१ मिलिमीटर जाड असतं, कागदासारखं. नुसतं हातात धरलंत तर ते लवलवतं. रेझरचं डोकं त्याला किंचित वाकवून दाबून धरतं तेव्हा कुठे त्याला ताठपणा येतो. एवढ्या पातळ पोलादाला धार लावून ती टिकवायची हे त्या काळी अशक्य मानलं जायचं. किंग कॅम्प जिलेटच्या डोक्यात कल्पना होती, पण ती पत्र्यावर उतरवली विल्यम निकरसन या इंजिनिअरने. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. म्हणजे दर रेझरमागे तीन पाती. सांगायचा मुद्दा हा की त्या गृहस्थाने ही वस्तू बोथट झाली की फेकायची म्हणूनच बनवली होती, आणि तुम्ही एकाच पात्यावर वीस दाढ्या उरकताय.

नवीन पातं जास्त कापतं ही भीती उलटी आहे. बोथट पातं केस कापत नाही, ओढतं. ओढलं की आपण दाबतो, आणि दाबलं की कातडी सोलते. चार-पाच दाढ्या झाल्या की पातं बदला. राठ केस असतील तर तिसऱ्यालाच.

जाता जाता, काकांचा रेझर उकळत्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवू नका, मुलामा जाईल. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि जुना मऊ टूथब्रश. पंखांच्या बिजागरीत साठ वर्षांचा साबण बसलेला असेल, तो हळूहळू निघेल.

तुरटीचा_खडा

वरचं सगळं बरोबर आहे, पण तुमचं खरं दुखणं आकडा नाही आणि पातंही नाही. तुमचा हात आहे. कार्ट्रिजची सवय लागलेला हात दाबतो. तिथे डोकं मानेवर डुलतं, पाच पात्यांत दाब वाटला जातो, त्यामुळे दाबलेलं खपून जातं. इथे धार एकच आणि डोकं घट्ट. जेवढं दाबाल तेवढं सगळं त्या एका धारेवर जातं.

हे मी स्वतःच्या चेहऱ्यावर शिकलो नाही. बारा वर्षांपूर्वी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. आयुष्यभर एक दिवस दाढी न चुकवलेला माणूस. इलेक्ट्रिक मशीन गालाला लावलं की तोंड फिरवायचे. शेवटी त्यांचाच तीन तुकड्यांचा रेझर काढला आणि मी त्यांची दाढी करायला बसलो. स्वतःच्या गालावर आपण जास्त दाबलं तर गालच आपल्याला सांगतो. दुसऱ्याच्या गालावर तो निरोप आपल्यापर्यंत येत नाही. पहिल्याच दिवशी जबड्याखाली कापलं. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि वर उचललं. इतकं, की मला वाटलं रेझर गालापासून सुटला. तसाच त्यांनी तो खाली ओढायला लावला, आणि खर्रर्र असा आवाज आला. केस कापले जात होते. मी जे करत होतो त्याच्या दशांशसुद्धा जोर नव्हता त्यात.

तो आवाज ऐकायला शिका. नळ बंद, पंखा बंद, मोबाईलवर गाणी नकोत. कोन बरोबर असेल तर कोरडा खरखर आवाज येतो, बारीक वाळू पत्र्यावर सांडल्यासारखा. आवाज बंद झाला की समजा एकतर कोन गेला किंवा केस संपले. कोन शोधायचा असा : रेझरच्या डोक्याचा माथा गालावर टेकवा, मूठ समोर आडवी येईल. आता मूठ हळूहळू खाली आणा. ज्या क्षणी धार खुंटांना लागते आणि आवाज सुरू होतो, तिथे थांबा. साधारण तीस अंश भरतो, पण अंश मोजत बसू नका, कान पुरे. मूठ शेवटाकडे तीन बोटांत धरा, पेन धरतो तशी. मुठीच्या मध्यावर पंजा आवळलात की जोर आलाच. तुमचा रेझर जड आहे, त्याचं वजनच काम करेल. आणि एका फटकाऱ्यात कानापासून हनुवटीपर्यंत जाऊ नका. दोन बोटं रुंद, बस, मग उचलायचा.

आता गळा. दोन दिवस दाढी करू नका आणि मग डोळे मिटून गळ्यावरून बोटं फिरवा. वरून खाली, खालून वर, आडवी. जिकडे जाताना बोट गुळगुळीत सरकतं ती केसांची दिशा, जिकडे अडखळतं ती उलटी. गालावर बहुतेकांचे केस खाली जातात. गळ्यावर मात्र कुणाचा काही नेम नसतो. माझे डाव्या बाजूला कानाकडे वळतात, उजवीकडे थेट वर जातात, आणि घाटीच्या बाजूला एक भोवरा आहे. अण्णांनाही तिथेच भोवरा होता, हे मला त्यांची दाढी करायला लागल्यावर कळलं. तुम्ही गळ्यावर वरून खाली ओढत असाल आणि केस वर जाणारे असतील, तर पहिल्याच हातात तुम्ही उलटी दाढी करताय. पुरळ त्याचंच. कागदावर गळ्याचं चित्र काढून बाण मारून ठेवा. हसू येईल, पण मारा.

घाटीवर सरळ रेझर चालवायचा नाही. आवंढा गिळा, किंवा बोटाने तिथली कातडी बाजूला, मानेच्या सपाटीवर ओढून घ्या आणि तिथे कापा. सोडली की ती आपल्या जागी जाते.

पहिला हात सुलटा, केसांच्या दिशेने. परत फेस. दुसरा आडवा. महिनाभर एवढ्यावरच थांबा. उलटा हात गळ्यावर तर मुळीच नको. थोडे खुंट राहतील, राहू देत. कुणी गळ्यावरून हात फिरवून बघणार नाहीये.

शेवटी गार पाणी आणि ओल्या चेहऱ्यावर तुरटी. आग किती आणि कुठे होते ते लक्षात ठेवा. जिथे झोंबलं तिथे तुम्ही दाबलं होतं. मी अजूनही रोज तुरटी लावतो ती रक्तासाठी नाही, हजेरीसाठी. अर्ध्या मिनिटाने धुऊन टाका, नाहीतर कातडी ओढल्यासारखी होते.

खुंटवाला

बापरे. सगळ्यांचे आभार. भिंग घेऊन बसलो होतो. अक्षर 'एच', आकडा '२'. पंखउघडा, तुम्ही अंदाजाने लिहिलंत की काय?

रविवारी बोटं फिरवून नकाशा केला. गळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात माझे केस वर जातात. सगळे. म्हणजे दीड महिना मी दर दाढीला पहिल्याच हातात उलटी दाढी करत होतो, बोथट पात्याने, नऊ नंबरवर. मांजर बरं.

फेसाचं मात्र अजून जमेना. दोन मिनिटांत वाळतोच. ब्रश डुकराच्या केसांचा आहे, नवीनच. साबण कडक वडी. साबण बदलू का?

पंखउघडा

तुक्का होता. पण १९६२!! आज झोप छान लागणार.

तुरटीचा_खडा

साबण बदलू नका, पाणी बघा. फेस वाळतो याची कारणं दोनच, साबण कमी किंवा पाणी कमी. तुमची दोन्ही असणार. आठ-दहा फिरक्यांनी कडक वडीचं काही निघत नाही. तुमच्या गालावर येतो तो फेस नाही, हवेचे बुडबुडे आहेत.

डुकराच्या केसांचा ब्रश आंघोळीला जाताना कोमट पाण्यात टाकून जा. ते केस पाणी पितात आणि मगच मऊ होतात. (बॅजरच्या किंवा कृत्रिम केसांच्या ब्रशला हे लाड लागत नाहीत, भिजवला की झालं.) आंघोळीनंतर दाढी करा. दाढीचा कोरडा केस चिवट असतो, दोन-तीन मिनिटं गरम पाण्यात राहिला की बराच नरमतो. ब्रश काढून दोनदा झटका आणि वडीवर अर्धं मिनिट फिरवा, घड्याळ लावून. आधी मोठे बुडबुडे येतील, मग ते मोडून ब्रशच्या टोकांवर चिकट, दाटसर लेप बसेल. हा साबण झाला, फेस अजून नाही. आता चेहऱ्यावर गोल गोल फिरवत ब्रशची टोकं पाण्यात बुडवा. टोकंच, सगळा ब्रश नाही. पुन्हा फिरवा. पुन्हा टोकं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला लेपाची निस्तेज पांढरी छटा जाऊन त्यावर ओली चकाकी येते, ओल्या ऑइलपेंटसारखी. दोन बोटांत घेऊन चोळलं तर बोटं एकमेकांवरून निसटायला हवीत. चिकटली तर अजून पाणी हवं. ओघळायला लागला तर पुढे गेलात, वडीवर पाच-सहा फिरक्या आणखी.

एवढं करूनही फेस बसत असेल तर पाणी जड असेल. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून साका करतं. बेसिनला तो करडा चिकट थर दिसतो ना, तोच. फेस व्हायचा साबण तिकडे वाया जातो. एकदा फक्त कपभर डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात करून बघा. फेस एकदम फुलला तर दोष पाण्याचा, तुमचा नाही. मग साबण दीडपट घ्यायचा, एवढाच उपाय.

नवीन ब्रशला पहिले पंधरा-वीस दिवस वास येईल आणि टोकं टोचतील. केसांची टोकं हळूहळू फाटत जातात आणि ब्रश मऊ होतो. धीर धरा. वापरून झाल्यावर पिळू नका, झटका आणि उघड्यावर ठेवा. उलटा टांगायचा की उभा ठेवायचा यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत. मी उभा ठेवतो.

आणि मजा कुठे असं तुम्ही विचारलं होतंत. माझ्यापुरती ती दुसऱ्या फेसात आहे. पहिला हात झालेला असतो, कातडी उघडी आणि जराशी गार पडलेली असते, आणि त्यावर ब्रश पुन्हा गरम गरम फिरतो. अण्णांचे डोळे तिथेच मिटायचे. कधी कधी आडवा हात करायची गरज नसायची, तरी मी फेस लावायचो.

कोरडा_ब्रश

विरोधी पक्षातर्फे दोन शब्द. माझ्याकडे या घडीला अकरा ब्रश, सहा रेझर आणि चाळीसच्या पुढे साबण आहेत. मोजणं मी थांबवलंय, बायकोने नाही. यातल्या एकाही वस्तूने माझी दाढी सुधारली नाही. सुधारली ती एका उन्हाळ्यात, जेव्हा घर रंगवायला काढलं होतं, सगळं सामान खोक्यांत गेलं आणि तीन महिने एकच ब्रश, एकच साबण, एकच जातीची पाती हाताशी राहिली. तेव्हा कुठे चूक माझी की पात्याची हे कळायला लागलं. रोज काहीतरी नवं वापरलं तर काहीच कळत नाही.

तेव्हा खुंटवाले, पुढच्या आठवड्यात तुम्हाला कुणीतरी सांगेल की खरी दाढी अमुक जपानी पात्यानेच होते. ते पातं चांगलंच आहे, भयंकर धारदार आहे. तीन महिने त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि पातं टॉवेलला पुसू नका. धार तिथेच मरते. पाण्याखाली धरा, झटका, झालं.

पंखउघडा

पात्याची धार मरते कशी यावर राहवत नाही म्हणून लिहितो. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण. मग केसाने पातं बोथट व्हावंच का? एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे कापून पाहिलं. धार गोल होत जाते असं आपण समजतो, पण त्यांना तिचे बारीक टवके उडताना दिसले. पोलादाची घडण सगळीकडे एकसारखी नसते. केस वाकून तिरपा आला आणि नेमका कच्च्या जागी लागला की तिथे चीर जाते आणि टवका निघतो. एकदा एक टवका गेला की त्याच्या बाजूला दुसरा निघायला सोपं. म्हणून मला तरी वाटतं, दाढी आधी भिजवण्याचा फायदा पात्यालाही होत असणार. हा माझा तर्क, त्यांचा नाही.

खुंटवाला

तीन आठवडे झाले, हिशेब देतो.

आकडा ४. पातं दर चार दाढ्यांनी नवं. गळ्याच्या खालच्या भागात आता खालून वर जातो, कारण तिथे तोच सुलटा हात आहे. आरशात उलटं दिसतं त्यामुळे पहिले काही दिवस हात गोंधळायचा. पुरळ गेलं. हनुवटीखालची चीर भरली, तिथे अजून एक गुलाबी रेघ आहे. काल तुरटी फक्त डाव्या जबड्याच्या कोपऱ्यावर झोंबली. बाकी सगळीकडे नुसतं गार.

डिस्टिल्ड वॉटरचा प्रयोग केला. फेस इतका फुलला की कानात गेला. पाणी जड आहे तर आमचं.

आवाजाचं म्हणाल तर पहिले चार दिवस काहीच ऐकू आलं नाही. मग एकदा पहाटे वीज गेली होती, सगळं शांत होतं, मेणबत्तीत दाढी करत होतो (करू नये, माहीत आहे) आणि उजव्या गालावर तो आला. खर्रर्र. मी तिथेच थांबलो आणि परत केला. केस नव्हते तिथे, आवाज आला नाही. मग डाव्या गालावर गेलो.

परवा काकूंकडे गेलो होतो. त्यांनी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "ते पाचवर ठेवायचे."

आता पाच करून बघू का? की अजून महिनाभर चारच?

सकाळची_घाई

चार.

तुरटीचा_खडा

डाव्या जबड्याचा कोपरा झोंबायचा थांबेपर्यंत चार. तिथे रेझर हलवायच्या आधी मान उजवीकडे वळवा आणि कातडी कानाकडे ओढून धरा, कोपऱ्याचं हाड लपतं. मग काकूंचं ऐका.